तोफखान्यातून कारखान्याकडे : वेर्नर सीमेन्स

मराठी माणूस नोकरीत रमतो, धंद्याच्या वाटेस सहसा जात नाही, असा एक समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींकडे पाहिले तर हा समज अगदीच निराधार आहे, असे म्हणवत नाही. रेल्वे, डाक-तार, संरक्षण, लेखापरीक्षा अशा खात्यांच्या बदल्यांनीच आपल्यापैकी अनेकांच्या वडिलांना परप्रांतात आणून सोडले. आम्ही स्वतः केंद्र सरकारच्या सेवेत उमेदीची सारी वर्षे घालविली आहेत. आमच्यासारख्यांच्या घरी कोणी पक्की नोकरी सोडण्याचा विषय काढला, तर तो आजारपणाइतक्याच काळजीने आणि तितक्याच हळू आवाजात बोलला जातो.

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी एखादे चरित्र लिहावे, असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा आमच्या मनात प्रथम आले ते एका परदेशी माणसाचे नाव. वेर्नर सीमेन्स हे ते नाव होय. विजेच्या उपकरणांवर आपण हे आडनाव नेहमी वाचतो. परंतु ते धारण करणारा मूळ पुरुष प्रशियाच्या तोफखान्यातील एक लेफ्टनंट होता, चौदा-पंधरा वर्षांची लष्करी सेवा सोडून त्याने भावंडांच्या साहाय्याने आपला उद्योग उभारला, आणि हिंदुस्थान व इंग्लंड यांच्यामधील तारेशीही त्याचा निकटचा संबंध होता, हे फारसे कोणास ठाऊक नसते. घरापासून दूर राहणाऱ्या माणसांच्या आयुष्यात तारेला काय स्थान होते, हे या अंकाच्या वाचकांना आम्ही सांगावयास नको.

बालपण आणि सैन्यप्रवेश

वेर्नरचा जन्म १३ डिसेंबर १८१६ रोजी हॅनोव्हरजवळील लेंथे या गावी झाला. वडील ख्रिस्तियान फर्डिनांड हे खंडाने घेतलेली शेती कसणारे सुशिक्षित गृहस्थ होते. १८२३ मध्ये हे कुटुंब मेक्लेनबुर्ग भागातील मेंझेनडोर्फ येथे गेले व तेथील शेती त्यांनी खंडाने घेतली. घरात एकूण चौदा अपत्ये जन्मली. त्यांतील काही लहानपणीच दगावली. आजच्या वाचकास हा आकडा मोठा वाटेल. परंतु आमच्या आजी-आजोबांच्या पिढीतील वाडे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना त्या घराची कल्पना सहज येईल.

वेर्नर पाच वर्षांचा असतानाची एक आठवण त्याने पुढे आपल्या आत्मचरित्रात नोंदविली आहे. त्याची थोरली बहीण माथिल्डे धर्मोपदेशकाच्या घरी विणकाम शिकावयास जात असे. तेथील अंगणात एक हंस-नर तिच्या अंगावर धावून येई आणि ती रडत परत येई. वडिलांनी छोट्या वेर्नरच्या हातात काठी दिली व बहिणीस पोचवून ये म्हणून सांगितले. हंसाने मान लांबवून फूत्कार केला तेव्हा बहीण पळाली; वेर्नरही घाबरला, परंतु डोळे मिटून, काठी फिरवीत पुढे गेला. हंस पळून गेला. संकटाला पाठ न दाखविता सामोरे जावे, हा धडा त्या दिवसापासून मनावर कोरला गेला, असे तो म्हातारपणी लिहितो. आम्हाला या आठवणीत आणखी एक गोष्ट दिसते. त्याच्या आयुष्यातील हे पहिले धाडस स्वतःसाठी नव्हते. ते भावंडासाठी होते.

ल्यूबेक येथील विद्यालयात त्याचे शिक्षण झाले. ग्रीक-लॅटिनपेक्षा गणिताची गोडी अधिक. पुढे बांधकामशास्त्र शिकण्यासाठी बर्लिनच्या अकादमीत जावे, असे त्याला वाटे. परंतु एवढा खर्च वडिलांना झेपणारा नव्हता. तेव्हा एका शिक्षकाने तोड सुचविली. प्रशियाच्या सैन्यात प्रवेश मिळविल्यास तोफखाना व इंजिनियरिंगच्या लष्करी विद्यालयात तेच शिक्षण सरकारी खर्चाने मिळेल, असा तो सल्ला होता. १८३४ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी हा मुलगा पायी बर्लिनला निघाला. म्हणजे सैन्यात जाण्यामागे त्याची युद्धाची हौस नव्हती. शिक्षणाची भूक आणि घरची ओढगस्त ही दोन कारणे होती. आपल्याकडील किती मुले याच दोन कारणांनी सैन्यदलात किंवा सरकारी सेवेत गेली, याचा हिशेब कोण मांडणार?

माग्डेबुर्ग येथे तोफखान्यात भरती झाल्यावर १८३५ ते १८३८ ही तीन वर्षे त्याने बर्लिनच्या लष्करी विद्यालयात काढली. पदार्थविज्ञान, रसायन व गणित यांचा जो पाया तेथे घातला गेला, त्यावरच पुढील सारी इमारत उभी राहिली. सैन्याचे हे ऋण त्याने कधीही नाकारले नाही.

अनाथ भावंडांचा पालक

१८३९ च्या जुलैमध्ये आई वारली, आणि अवघ्या सहा महिन्यांत, १८४० च्या जानेवारीत, वडीलही गेले. तेवीस वर्षांच्या या लेफ्टनंटवर धाकट्या भावंडांची जबाबदारी येऊन पडली. कार्ल दहा वर्षांचा होता. सर्वांत धाकटा ओटो तर जेमतेम तीन-चार वर्षांचा. हान्स व फर्डिनांड या दोघा भावांनी शेतीकडे पाहिले. लहान बहीण मामाकडे गेली. मुलांच्या शिक्षणाचा आणि भवितव्याचा भार मुख्यतः वेर्नरने उचलला. लेफ्टनंटचा पगार तो किती, आणि त्यात एवढी तोंडे! वेर्नरची संशोधनाची धडपड ज्ञानाच्या जिज्ञासेतून निघाली, यात शंका नाही. पण तिला वेग दिला तो या गरजेने.

वडील हयात असतानाच त्याने विल्हेल्म या धाकट्या भावास माग्डेबुर्ग येथे आपल्यापाशी शिकावयास आणले होते. विल्हेल्मने इंग्रजी शिकावे असे त्याला वाटले. शाळेच्या वेळापत्रकात गणिताऐवजी इंग्रजी घेण्याची सोय करून गणित त्याने स्वतः भल्या पहाटे, कवायतीपूर्वी, भावाला शिकविले. त्या पहाटेच्या शिकवणीचे फळ काय मिळाले, ते पुढे येईलच.

याच काळात एक विलक्षण प्रसंग घडला. विटेनबर्ग येथील छावणीत असताना दोन अधिकाऱ्यांच्या द्वंद्वात वेर्नरने एका पक्षाचा साक्षीदार म्हणून भाग घेतला. द्वंद्व कायद्याने निषिद्ध होते. लष्करी न्यायालयाने त्याला पाच वर्षांची किल्लेकैद सुनावली. माग्डेबुर्गच्या किल्ल्यातील कोठडीत त्याने बाहेरून रसायने व साहित्य गुपचूप मागविले आणि विजेच्या साहाय्याने धातूवर सोन्याचा मुलामा देण्याचे प्रयोग सुरू केले. प्रयोग सफल झाला, आणि तेवढ्यात राजाकडून माफी आली! कामात खंड पडू नये म्हणून आणखी काही दिवस कोठडीत राहू द्यावे, असा अर्ज या कैद्याने केला. किल्ल्याच्या अधिकाऱ्यास हा राजाच्या कृपेचा अपमान वाटला आणि त्याने मध्यरात्रीच त्याला बाहेर काढले.

१८४२ मध्ये या मुलाम्याच्या पद्धतीचे एकाधिकारपत्र त्याला प्रशियात मिळाले. दुसऱ्या वर्षी वीस वर्षांचा विल्हेल्म ती पद्धत घेऊन इंग्लंडला गेला आणि बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांना त्याने ती सुमारे दीड हजार पौंडांस विकली. पहाटेच्या गणिताने मोकळा केलेला इंग्रजीचा तास असा फळास आला. घराची ओढाताण काही काळ थांबली. विल्हेल्म पुढे इंग्लंडचाच झाला आणि सर विल्यम सीमेन्स या नावाने प्रसिद्धी पावला.

सिगारेटच्या नव्हे, सिगारच्या खोक्यांतील यंत्र

त्या वेळी प्रशियात बर्लिन ते कोब्लेंझ अशी दृश्य संकेतांची एक साखळी होती. उंचवट्यांवर उभारलेल्या सुमारे साठ ठाण्यांवरून लाकडी हात हलवून संदेश पुढे जात. धुके पडले किंवा अंधार झाला की राज्यकारभार मुका होई. या व्यवस्थेच्या जागी विजेची तार आणावी, असे सैन्याच्या मनात होते. इंग्लंडात व्हीटस्टन यांचे सुई फिरवून अक्षर दाखविणारे यंत्र निघाले होते. पण दोन्ही टोकांच्या सुया बरोबरीने फिरण्याची खात्री नसे. वेर्नरने यंत्राची रचनाच अशी बदलली की दोन्ही सुयांची गती आपोआप जुळून यावी. सिगारची खोकी, पत्र्याचे तुकडे, थोडे लोखंड आणि गुंडाळलेली तांब्याची तार एवढ्या सामग्रीवर त्याने पहिला नमुना केला. तो नमुना त्याने योहान गेओर्ग हाल्स्के या कुशल यंत्रकारास दाखविला. यंत्र चालेल की नाही याविषयी हाल्स्के साशंक होते. ते चालताना पाहिले आणि त्यांनी आपला जुना व्यवसाय सोडून वेर्नरशी भागीदारी करण्याचे ठरविले.

भांडवल घरातूनच आले. न्यायखात्यात सल्लागार असलेल्या योहान गेओर्ग सीमेन्स या चुलत भावाने ६,८४२ थालर दिले. १२ ऑक्टोबर १८४७ रोजी बर्लिनच्या शोनेबर्गर रस्त्यावरील एका घराच्या मागील इमारतीत सीमेन्स आणि हाल्स्के यांचा तारायंत्रांचा कारखाना सुरू झाला. कामगार जेमतेम दहा.

तारेवरील आवरणाचा प्रश्नही भावानेच सोडविण्यास मदत केली. मलाया भागातील झाडांच्या चिकापासून होणारा गटापर्चा हा पदार्थ त्या सुमारास लंडनच्या बाजारात नवा आला होता. विल्हेल्मने त्याचा नमुना पाठविला. गरम केल्यावर मऊ होणारा व थंड झाल्यावर वीज अडविणारा हा पदार्थ तारेवर सलग, बिनसांध्याचा बसविणारे दाबयंत्र वेर्नर व हाल्स्के यांनी तयार केले. जमिनीखालून आणि पुढे समुद्राखालून तार नेणे त्यामुळे शक्य झाले.

दोन खुर्च्या

येथे आपल्याला थोडे थांबले पाहिजे. कारखाना निघाला तेव्हा वेर्नर अजून तोफखान्याचा अधिकारी होता. इतकेच नव्हे, विद्युत् तारेचा विचार करण्यासाठी लष्कराच्या मुख्यालयाने नेमलेल्या आयोगात त्याची नेमणूक झालेली होती. कोणती यंत्रणा सरकारने घ्यावी, हे ठरविणाऱ्यांत तो होता, आणि ती यंत्रणा पुरविणाऱ्या कारखान्यात त्याची भागीदारी होती. १८४८ मध्ये बर्लिन ते फ्रँकफुर्ट ही लांब पल्ल्याची तार टाकण्याचे काम सरकारने त्याच्याच देखरेखीखाली सोपविले आणि यंत्रे आली ती सीमेन्स-हाल्स्के यांच्या कारखान्यातून.

आज एखाद्या सरकारी अधिकाऱ्याने असे केले तर काय होईल, हे आम्ही सांगण्याची आवश्यकता नाही. त्या काळी नियम इतके काटेकोर नव्हते, त्या विषयातील जाणकारही मोजकेच होते, आणि वेर्नरने भागीदारी लपवूनही ठेवली नव्हती. तरीही एका माणसाने दोन खुर्च्यांवर बसणे फार काळ निभत नाही. चरित्रनायकाच्या प्रेमापोटी ही गोष्ट झाकून ठेवणे आम्हाला प्रशस्त वाटत नाही. कारण त्याच्या पुढील निर्णयाचे मोल तिच्यामुळेच कळते.

मधल्या काळात युरोपभर क्रांतीचा वणवा पेटला होता. १८४८ मध्ये डेन्मार्कशी युद्ध जुंपले. बहीण माथिल्डेचे यजमान हिमली हे कील येथे प्राध्यापक होते. तेथील बंदरावर डॅनिश आरमाराचे सावट पडले. वेर्नर तेथे गेला आणि विजेने उडविता येतील असे सुरुंग त्याने पाण्याखाली बसविले. डॅनिश जहाजे बंदरात शिरलीच नाहीत. पुन्हा बहिणीचे अंगण, आणि पुन्हा हातात काठी!

फ्रँकफुर्टची तार हिवाळ्यात पुरी झाली. २८ मार्च १८४९ रोजी फ्रँकफुर्टच्या राष्ट्रीय सभेने प्रशियाच्या राजाची सम्राटपदासाठी निवड केली, आणि ती वार्ता तासाभराच्या आत बर्लिनमध्ये पोचली. राजाने तो मुकुट पुढे नाकारला, ही गोष्ट वेगळी. तारेचे सामर्थ्य मात्र सर्वांच्या लक्षात आले.

आता निवड करावयाची वेळ आली होती. एका बाजूला अधिकाऱ्याचा दर्जा, गणवेश, ठरलेली बढती आणि सरकारी तारखात्यातील तांत्रिक प्रमुखपण. दुसऱ्या बाजूला मागील अंगणातला कारखाना आणि धाकटी भावंडे. त्यांतले कोण पुढे काय करील, हे अजून ठरावयाचे होते. जून १८४९ मध्ये वेर्नरने सैन्यातून मुक्तता मागितली व ती मिळाली; तारखात्यातील पदही त्याने लौकरच सोडले. तेव्हा त्याचे वय बत्तीस होते.

या सेवामुक्तीविषयी दोन बारीक तपशील त्याने लिहून ठेवले आहेत, आणि आमच्यासारख्या सरकारी माणसाला ते वाचून हसूही येते व गहिवरूनही येते. पहिला असा की, त्याचा अर्ज मंजूर झाला तो एका ताशेऱ्यासह. अर्जाच्या नमुन्यात काहीतरी चूक राहिली होती! जन्मभर फायली हाताळणाऱ्या आमच्या हातांनीही असे शेरे मारलेले आहेत. एका तरुण सहकाऱ्याचा राजीनामा केवळ योग्य मार्गाने न आल्याच्या कारणाने आम्ही तीन वेळा परत पाठविला होता, हे आठवून आज थोडे वरमल्यासारखे होते. दुसरा तपशील असा की, बारा वर्षांहून अधिक काळ अधिकारी म्हणून सेवा झाल्याने त्याला निवृत्तिवेतनाचा हक्क होता. परंतु त्यासाठी आपण सेवेस असमर्थ आहोत असा वैद्यकीय दाखला जोडावा लागे. आपली प्रकृती ठणठणीत असताना तसा दाखला देणे त्याला रुचले नाही. त्याने निवृत्तिवेतन सोडून दिले.

निवृत्तिवेतन म्हणजे काय, हे ज्यांना कळते त्यांना या एका कृतीतून तो माणूस कळेल. जवळ पुंजी नाही, धाकटी भावंडे आहेत, धंदा दोन वर्षांचा आहे, आणि एका कागदाच्या तुकड्यावर सही मिळविली की जन्माची भाकरी निश्चित आहे. तो कागद त्याने घेतला नाही.

पडता काळ

सेवा सोडल्यावर सारे सुरळीत झाले असते, तर ही बोधकथा झाली असती. चरित्र झाले नसते. सरकारने घाईने व काटकसरीने टाकविलेल्या भूमिगत तारा पुरेशा खोल नव्हत्या, त्यांना धातूचे कवच नव्हते, गटापर्च्याची प्रतही सगळीकडे चांगली नव्हती. दोन वर्षांत त्या बिघडू लागल्या. दोष कोणाचा, यावर वाद सुरू झाला. १८५१ मध्ये वेर्नरने एक पुस्तिका छापून आपली बाजू मांडली. परिणाम असा झाला की, प्रशियाच्या तारखात्याने कित्येक वर्षे त्याच्या कारखान्याला काम देणेच बंद केले. ज्या खात्याचा तो काल अधिकारी होता, त्याच खात्याचे दार आज त्याला बंद झाले. खुर्ची सुटली की ओळख सुटते, हा अनुभव तेव्हाही निराळा नव्हता.

अशा वेळी भावंडे उपयोगी पडली. ज्या मुलांना त्याने वाढविले, तीच आता चौफेर उभी राहिली. विल्हेल्म लंडनमध्ये होताच. कार्ल १८५३ मध्ये सेंट पीटर्सबर्गला गेला. क्रिमियाचे युद्ध तोंडावर होते; रशियाला तारांची निकड होती. बाल्टिकपासून थेट काळ्या समुद्रावरील सेव्हास्तोपोलपर्यंत सीमेन्स-हाल्स्के यांनी हजारो किलोमीटर लांबीचे तारांचे जाळे उभारले आणि त्याच्या देखभालीचा करारही मिळविला. मायदेशाने नाकारलेला कारखाना परदेशाने तारला. फ्रीडरिखने भट्टीतील वाया जाणारी उष्णता पुन्हा वापरण्याची युक्ती काढून १८५६ मध्ये एकाधिकारपत्र घेतले. विल्हेल्मने तिचा पोलादाच्या कामी विकास केला. १९१२ मध्ये आपल्या जमशेदपूरला पहिले पोलाद ओतले गेले ते याच जातीच्या उघड्या भट्टीतून.

प्रत्येक पाऊल यशाचेच पडले असे नाही. १८६४ मध्ये स्पेनमधील कार्ताहेना ते आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील ओरान अशी समुद्रतार टाकण्याचा प्रयत्न फसला आणि मोठे नुकसान झाले. हाल्स्के यांना असले साहस मानवणारे नव्हते; त्यांना आपल्या देखरेखीखालचा, नीटनेटका कारखाना प्रिय होता. १८६७ च्या अखेरीस ते भागीदारीतून बाहेर पडले. स्नेह मात्र तुटला नाही, ही दोघांच्याही मोठेपणाची खूण होय. हाल्स्के गेल्यावर हा उद्योग खऱ्या अर्थाने सीमेन्स बंधूंचा झाला.

लंडन ते कलकत्ता

हिंदुस्थानातील १८५७ च्या उठावाची वार्ता लंडनला पोचण्यास कित्येक आठवडे लागले होते, आणि ब्रिटिश सरकार त्यामुळे हादरले होते. पुढे १८६५ मध्ये तुर्कस्तान व इराणच्या आखातातून कराचीपर्यंत तार आली. पण ठिकठिकाणी निरनिराळ्या देशांचे कारकून संदेश पुन्हा पुन्हा उतरवून पुढे पाठवीत. इंग्रजीचा गंध नसलेल्या हातांतून गेलेला संदेश अनेकदा दिवसचे दिवस रखडे आणि अखेर ओळखू न येण्याजोगा होऊन पोचे.

यावर सीमेन्स बंधूंनी योजना मांडली. लंडनहून उत्तर समुद्राखालून जर्मनी, तेथून वॉर्सा, ओडेसा, तिफ्लिस, तेहरान अशी स्वतंत्र तार न्यावी. तेहरानपासून पुढे हिंदुस्थान सरकारच्या तारेशी ती जोडावी. आणि संदेश मधल्या कारकुनांच्या हाती न लागता यंत्रांनीच पुढे ढकलावा. लंडनचे काम विल्हेल्मकडे, रशियाचे कार्लकडे, कॉकेशसचे वाल्टरकडे. भांडवल देणाऱ्या चुलत भावाचा मुलगा गेओर्ग वाटाघाटींसाठी तेहरानला गेला. घरातील एकेक माणूस नकाशावरील एकेका ठाण्यावर उभा होता.

१२ एप्रिल १८७० रोजी सुमारे ११,००० किलोमीटरचे अंतर कापून लंडनचा संदेश अठ्ठावीस मिनिटांत कलकत्त्यास पोचला. ही तार मध्यंतरीच्या महायुद्धाचा खंड सोसून १९३१ पर्यंत चालली.

या यशाची किंमतही घरानेच मोजली. वाल्टर १८६८ मध्ये तिफ्लिस येथे घोड्यावरून पडून मरण पावला; तार सुरू झालेली त्याने पाहिली नाही. त्याच्या जागी गेलेला ओटोही १८७१ मध्ये तेथेच वारला. आईबापांमागे वेर्नरने ज्या मुलांना जवळ केले, त्यांतील दोघे दूर देशीच्या मातीत कायमचे राहिले. त्याआधी १८६५ मध्ये त्याची पत्नी माथिल्डे क्षयाने गेली होती. मोठ्या उद्योगाच्या इतिहासात अशा ओळी लहान अक्षरांत छापल्या जातात. घरात त्या मोठ्याच असतात.

उत्तरायुष्य

वेर्नरचे सर्वांत मोठे शास्त्रीय काम १८६६ मधील होय. कायम चुंबकाची गरज नाही; लोखंडात उरलेल्या अल्पशा चुंबकत्वापासून यंत्र स्वतःच वीज वाढवीत नेऊ शकते, हे तत्त्व त्याने मांडले. १७ जानेवारी १८६७ रोजी बर्लिनच्या विज्ञान अकादमीत त्याचे निवेदन झाले. इंग्लंडात व्हीटस्टन व इतरही त्याच सुमारास त्याच तत्त्वाशी पोचले होते, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. या जनित्राने वीज तारेतील संदेशापुरती न राहता ओझी वाहू लागली. १८७९ च्या बर्लिन प्रदर्शनात विजेवर चालणारी छोटी आगगाडी त्याने फिरवून दाखविली आणि १८८१ मध्ये बर्लिनजवळ लिष्टरफेल्डे येथे विजेची ट्राम सुरू केली.

स्वतःचे निवृत्तिवेतन सोडणाऱ्या या माणसाने १८७२ मध्ये आपल्या कामगारांसाठी निवृत्तिवेतन निधी स्थापन केला. त्या काळी जर्मनीत सरकारी विमा-पेन्शनची कायदेशीर व्यवस्था झालेली नव्हती. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय भौतिक-तांत्रिक संशोधनसंस्थेसाठीही त्याने मोठी देणगी दिली. १८८८ मध्ये त्याला सरदारकी मिळाली. १८९० मध्ये त्याने कारभार बंधू कार्ल आणि पुत्र आर्नोल्ड व विल्हेल्म यांच्या स्वाधीन केला. आत्मचरित्र छापून झाले आणि थोड्याच दिवसांत, ६ डिसेंबर १८९२ रोजी, शहात्तरावा वाढदिवस आठवड्यावर आला असता त्याचा अंत झाला.

समारोप

नोकरी सोडून धंदा करावा, एवढाच या चरित्राचा अर्थ कोणी घेतला, तर तो अपुरा होईल. वेर्नरने नोकरीला तुच्छ मानले नाही. नोकरीनेच त्याला शिकविले होते. त्याने सोडले ते दोन खुर्च्यांवर बसणे. आणि कुटुंबाचा उद्योग म्हणजे आयत्या गादीवर जाऊन बसणे, असा जो अर्थ आपण घेतो, तोही येथे लागू पडत नाही. वेर्नरजवळ उद्योग नव्हता, नुसते कुटुंब होते. त्या कुटुंबासाठी आणि त्याच कुटुंबाच्या हातांनी त्याने उद्योग निर्माण केला.

आपल्याकडेही हे घडलेले आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील शिक्षकाची नोकरी सोडून लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावला थोरले बंधू रामुअण्णा यांच्या सायकलींच्या दुकानात गेले, आणि त्यातूनच १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. तेथेही प्रारंभी दोन भाऊच होते.

भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. आपले मंडळ स्थापन झाले त्या काळात सभासदांच्या घरी आनंदाची आणि दुःखाची वार्ता तारेनेच येत असे. दारात तारवाला दिसला की गृहिणीच्या काळजात धस्स होई. आता ती धडधडही इतिहासजमा झाली.

या अंकाच्या वाचकांपैकी कोणाच्या घरी उद्या मुलगा किंवा मुलगी राजीनाम्याचा कागद घेऊन समोर उभी राहिली, तर एवढीच विनंती आहे की, कागदातील नमुन्याची चूक शोधण्यापूर्वी ते अपत्य कोणासाठी आणि कोणाबरोबर निघाले आहे, हे आधी विचारावे. हे आम्ही दुसऱ्यांना सांगत आहोत खरे. आमच्या घरी ती वेळ आली, तेव्हा आम्ही ते विचारले नव्हते.